रेकॉर्डिंग चालू आहे

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला आणि जुना कॉम्प्युटर खाली आला. मूळचा पांढरा कॅबिनेट आता चहात बुडवून काढल्यासारखा पिवळा झालेला. भाचा मदतीला आला होता. तो म्हणाला, "मामी, भंगारवाल्याला देऊन टाकू. शंभर-दोनशे तरी येतील." मी म्हटलं, "देऊ की. पण आधी त्याच्या पोटातली हार्ड डिस्क काढून घे. आत काय काय आहे ते एकदा बघू."

आत काय होतं ते सांगायच्या आधी तो कॉम्प्युटर आमच्याकडे काय काम करायचा ते सांगायला हवं. नातेवाइकांपैकी ज्यांना माहीत आहे त्यांनी हा भाग सोडून दिला तरी चालेल.

मी २००८ साली निवृत्त झाले. पस्तीस वर्षं खडू धरलेल्या हाताला एकदम काम उरलं नाही. मुलाने पुण्याहून त्याचा जुना कॉम्प्युटर आणून दिला आणि त्यात एक टीव्ही ट्यूनर कार्ड बसवून दिलं. आजच्या मुलांना हे कार्ड दाखवलं तर ओळखणार नाहीत. कॅबिनेट उघडून मदरबोर्डवरच्या खाचेत बसवायची ती एक हिरवी पट्टी. तिला मागच्या बाजूने केबलवाल्याची जाड काळी वायर लावायची की कॉम्प्युटरच्या पडद्यावर टीव्ही दिसायचा. एवढंच असतं तर उपयोग काय, टीव्ही तर घरात होताच. पण हा टीव्ही चित्र साठवू शकायचा. बटण दाबलं की कार्यक्रम डिस्कवर उतरायला लागायचा, आणि वेळ लावून ठेवली तर माणूस समोर नसतानाही उतरायचा. मला तर ती जादूच वाटली.

माझी लेक तेव्हा अमेरिकेत नवीन होती. तिच्या घरी मराठी वाहिनी नव्हती. आणि इथे त्याच पावसाळ्यात झी मराठीवर 'सा रे ग म प'चं लिटिल चॅम्प्सचं पर्व सुरू झालं. कार्तिकी गायकवाड, आर्या आंबेकर, मुग्धा वैशंपायन, प्रथमेश लघाटे, रोहित राऊत... ही नावं तेव्हा घराघरांत घरच्या मुलांसारखी घेतली जायची. लेक फोनवर म्हणाली, "आई, इथे सगळे त्याच्याबद्दल बोलतात आणि मी आपली बघत बसते." झालं, मला काम मिळालं. रेकॉर्ड करायचं, डीव्हीडीवर उतरवायचं, आणि कुणी तिकडे जाणारं भेटलं की त्यांच्या बॅगेत घालायचं. बॅगेत लोणचं, मेतकूट आणि डीव्हीडी. नंतर लेक सांगायची, डीव्हीडीलासुद्धा लोणच्याचा वास यायचा.

आता गंमत ऐका. तासाभराच्या कार्यक्रमाला डिस्कवर साधारण दोन जीबी जागा लागायची आणि अख्खी डिस्क ८० जीबीची! म्हणजे माझी सगळी तिजोरी चाळीस तासांची. एका डीव्हीडीवर मावायचे दोन तास. म्हणून आज रेकॉर्ड, उद्या जाहिराती कापणं, परवा डीव्हीडी, आणि मग डिस्कवरून पुसून टाकणं, असा कारखाना चालू असायचा. शाळेत वेळापत्रक करायचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे होतं, त्याचा इथे उपयोग झाला.

वेळापत्रक मात्र एकटं माझं नव्हतं, लोडशेडिंगचंही होतं. त्या वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या लोकांनी काय सोसलंय ते शहरातल्यांना पटायचं नाही. आमच्याकडे आठवड्याला पाळी बदलायची. या आठवड्यात सकाळी, पुढच्या आठवड्यात संध्याकाळी. कधी ठरलेल्या वेळेपेक्षा तासभर जास्त. यूपीएस होता, तो पंधरा मिनिटं दम धरायचा, तेवढ्यात कॉम्प्युटर नीट बंद करायचा. मग ह्यांनी इन्व्हर्टर आणला. पहिल्या रात्री आम्ही मोठ्या ऐटीत बसलो. गावभर अंधार, आमच्याकडे उजेड, आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या! घरात वीज असून काय उपयोग, केबलवाल्याच्या खांबावरच्या ॲम्प्लिफायरला वीज कुठे होती? हे डोक्यात आलंच नव्हतं. ह्यांनी त्या रात्री इन्व्हर्टरच्या किमतीचा विषय तीनदा काढला.

दुसरी फजिती घड्याळाची. कॉम्प्युटरच्या आत एक रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी असते. ती संपली की वीज गेल्यावर तो तारीख-वार विसरतो आणि कुठल्या तरी जुन्या सालात जाऊन बसतो. मी रात्री साडेनऊची वेळ लावून लग्नाला गेले, आणि त्याच्या हिशेबाने अजून कितीतरी वर्षं ती रात्र यायचीच होती. परत येऊन बघते तर फाइल नाही. चार दिवस मी केबलवाल्याला दोष देत होते.

आणि तिसरी फजिती महाअंतिम सोहळ्याची. फेब्रुवारी २००९. कार्यक्रम काही तास चालणार हे माहीत होतं म्हणून मी आधीच डिस्क रिकामी करून ठेवली होती. वीसेक जीबी मोकळी जागा. तरीही ऐन निकालाच्या आधी रेकॉर्डिंग आपोआप थांबलं. मुलाला फोन केला तेव्हा कळलं की डिस्क जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि त्या पद्धतीत एका फाइलला चार जीबीची वेस असते. गोदाम कितीही मोठं असलं तरी पोतं ठरावीक मापाचंच. लेकीला डीव्हीडी पाठवली ती निकालाशिवाय. कार्तिकी जिंकली हे तिला त्याआधीच दहा जणांनी सांगितलं होतं म्हणा.

कार्तिकी जिंकल्याचा सगळ्यात जास्त आनंद आत्याबाईंना झाला. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्यांना कार्तिकी म्हणजे "माउलीच्या गावची पोर", कारण ती आळंदीची. गळ्यात तुळशीची माळ, चौऱ्याऐंशीच्या आसपासचं वय, कान तीक्ष्ण आणि तोंड त्याहून. टीव्ही बघताना त्या गप्प बसायच्या नाहीत. गाणाऱ्याला शाबासकी, परीक्षकांना शिव्या (त्यांच्या शिव्या म्हणजे "मुडद्या"पर्यंतच), जाहिरातीतल्या सुनेला सल्ला, सगळं मोठ्याने चालायचं. त्यांच्या दृष्टीने टीव्हीतली माणसं आपल्या सोप्यात आलेली असायची, आणि घरी आलेल्याशी बोलायचं नाही म्हणजे काय?

इथे जरा विषयांतर करते. आमच्या पिढीला टीव्हीवर दिसलेलं पुन्हा बघता येतं हीच कल्पना नव्हती. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्या काळात व्हिडिओ टेप फार महाग, म्हणून कार्यक्रम दाखवून झाला की टेप पुसून पुन्हा वापरायची पद्धत जगभर होती. बीबीसीसारख्या मोठ्या संस्थेने साठ-सत्तरच्या दशकातले ढीगभर कार्यक्रम असे घालवले. त्यांची 'डॉक्टर हू' नावाची मालिका १९६३ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या काही वर्षांतल्या कितीतरी भागांचं चित्र आज कुणाकडेच नाही. पण आवाज मात्र हरवलेल्या सगळ्या भागांचा आहे! कारण त्या वेळी घरोघरी काही प्रेक्षक टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते, काही जण तर टीव्हीच्या स्पीकरसमोर माईक धरून. संस्थेने पुसलं ते पोरासोरांनी जपलं. अमेरिकेत फिलाडेल्फियाला मॅरियन स्टोक्स नावाच्या एक बाई होत्या, पूर्वी ग्रंथपाल होत्या. त्यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून डिसेंबर २०१२ मध्ये स्वतः जाईपर्यंत घरातल्या अनेक यंत्रांवर टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस रेकॉर्ड केल्या. सुमारे सत्तर हजार टेप! घरचे वैतागले नसतील तरच नवल. त्यांच्यामागे तो सगळा साठा इंटरनेट आर्काइव्हकडे गेला.

हे असं रेकॉर्ड करणं चोरी तर नाही ना, ही धाकधूक मला मास्तरकीच्या सवयीने होतीच. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात यावर मोठा खटला झाला होता आणि १९८४ साली पाच विरुद्ध चार अशा मतांनी निकाल लागला, की नंतर बघण्यासाठी घरी रेकॉर्ड करणं गुन्हा नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही स्वतःच्या खाजगी वापरासाठी किंवा निव्वळ शिकवण्यासाठी केलेल्या अशा रेकॉर्डिंगला मोकळीक आहे. लेकीला पाठवलेली डीव्हीडी खाजगी वापरात बसते का, हे मी कुणा वकिलाला विचारलं नाही. असो.

तर आता त्या रात्रीकडे येते. जानेवारी २००९ मध्ये मोहरम होता. कडेगावचा मोहरम ज्यांनी पाहिला नाही त्यांना शब्दांत सांगणं अवघड. कळकाचे ताबूत, शंभर फुटांच्याही वर जाणारे, आणि बांधायची रीत अशी की आधी वरचे मजले, मग त्यांच्याखाली खालचे. म्हणजे कळस आधी आणि पाया नंतर. गावातल्या हिंदूंचेही ताबूत असतात. शेवटच्या दिवशी ते माणसांच्या खांद्यावरून डुलत चौकात येतात आणि एकमेकांना भेटतात. त्या भेटी बघायला लांबलांबून माणूस येतो. आत्याबाई इतकी वर्षं न चुकता बघायच्या, पण त्या साली गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांना घरातून हलता येईना. दिवसभर त्या बाहेरचा वाजप ऐकत कॉटवर बसून होत्या.

संध्याकाळी कुणीतरी सांगितलं की बातम्यांत आपल्या भेटी दाखवणार आहेत. कधी दाखवणार ते कुणालाच माहीत नाही. म्हणून मी अर्ध्या तासाची अख्खी बातमीपत्रं रेकॉर्डला लावली. म्हटलं, आत्याबाईंना पुन्हा पुन्हा दाखवता येईल, लेकीलाही पाठवता येईल. आत्याबाईंना खुर्चीत बसवून कॉम्प्युटरसमोर आणलं.

आता त्या कार्डाची एक खोड सांगायला हवी. चित्र कार्डातून थेट यायचं, पण आवाज वेगळ्या छोट्या तारेने साउंड कार्डच्या 'लाइन-इन' भोकात जायचा. आणि रेकॉर्डिंगसाठी आवाज कुठून घ्यायचा हे कॉम्प्युटरमध्ये एका चौकटीत खूण करून सांगावं लागायचं, लाइन-इन की मायक्रोफोन. एका वेळी एकच. लेकीशी स्काइपवर बोलायचं तर मायक्रोफोनवर खूण. बोलून झालं की आठवणीने पुन्हा लाइन-इनवर. त्या दिवशी दुपारी लेकीशी बोलणं झालं होतं. मी खूण बदलायला विसरले.

त्यामुळे झालं काय, की चित्र आलं बातम्यांचं आणि आवाज आला आमच्या खोलीचा. दुसऱ्या दिवशी लावून बघितलं तर निवेदिका लांब विहिरीतून बोलल्यासारखी आणि वरून आत्याबाईंची अखंड बडबड, खुर्चीची कुरकुर, मांजर. मी कपाळाला हात लावला. ताबूत दोन मिनिटंसुद्धा दाखवले नव्हते आणि तेही असे बिघडलेले. फाइल पुसून टाकली असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते. पुसली नव्हती. चुकून दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन पडली होती.

भाच्याने कुठून तरी जोडणी आणून ती डिस्क त्याच्या लॅपटॉपला लावली. आधी भुंग्यासारखा आवाज, मग टकटक, मग एकदम उघडली. माळ्यावर डीव्हीडींची चळतही सापडली होती, साठेक असतील. त्यातल्या वीस-बावीस तर वाचल्याच जात नाहीत. घरी कोरलेल्या डीव्हीडीत रंगाचा एक थर असतो, तो कालांतराने विटतो. जाऊ दे. त्यांत जी गाणी होती त्यांतली बरीचशी आज यूट्यूबवर बसल्याजागी मिळतात, माझ्यापेक्षा स्वच्छ.

डिस्कमध्ये 'मोहरम०९' नावाची फाइल होती. एकतीस मिनिटांची. लावली.

आत्याबाई जाऊन २०१० पासून इतकी वर्षं झाली. फोटो आहेत, लग्नातल्या व्हिडिओत त्या दोनदा दिसतात, पण त्यात वाजंत्रीच वाजतेय. आवाज कुठेच नव्हता. आणि तो एकदम खोलीत आला. भाचा स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होता, तो दारातच थांबला. "आज्जी," एवढंच म्हणाला.

पहिली दहा मिनिटं त्या राजकारणातल्या माणसांचा समाचार घेतात. ते इथे लिहीत नाही. मग पडद्यावर आपला चौक येतो. गर्दी, अबीर, आणि ताबूत. कॅमेरा खालून धरलेला, आणि ताबूत त्यात मावत नाहीत. आत्याबाई ओरडतात, "आगं, कळस कुटाय? कळस दावा की मुडद्यांनो! निस्ते पाय काय दावताय?" मग त्या हसतात. मग जरा थांबून, आवाज खाली आणून सांगायला लागतात. त्या लग्न होऊन या घरात आल्या त्या पहिल्या सालचं. नव्या सुनेला खाली चौकात जायची मुभा नाही. सगळं घर भेटी बघायला गेलेलं आणि ह्या चुलीपाशी एकट्या. तेवढ्यात त्यांच्या सासूबाई अर्ध्यातून परत आल्या, ह्यांना हाताला धरून मागच्या जिन्याने माळवदावर घेऊन गेल्या. "माळवदावर हुबी ऱ्हाऊन बी मान मोडली बग माजी. इतकं उंच. मला रडूच आलं. तर आत्याबाई मला काय म्हनल्या..."

आणि इथे माझा आवाज येतो. चांगला खणखणीत, वर्गातला. "आत्या, जरा गप्प बसा की! रेकॉर्डिंग चालू आहे."

पुढे त्या बोलत नाहीत.

वाईट ह्याचं वाटतं, की माझ्या समजुतीप्रमाणे आवाज तारेतून थेट चालला होता. त्या खोलीत कुणी हलगी वाजवली असती तरी रेकॉर्डिंगला धक्का लागायचं कारण नव्हतं, आणि हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना गप्प केलं. टेपरेकॉर्डरच्या काळातली सवय म्हणू, बातमी ऐकायची होती म्हणू, किंवा दिवसभराच्या पाहुण्यांनी मी दमले होते म्हणू. कारणं शोधली तर मिळतात.

नंतरची दहा-बारा मिनिटं नुसत्या बातम्या, खुर्चीची कुरकुर आणि मधूनच मांजर. आम्ही दोघंही तशीच ऐकत बसलो, का कुणास ठाऊक. आणि शेवटी शेवटी, हवामानाच्या बातमीच्या वेळी, आत्याबाई अगदी हळू विचारतात, "झालं का गं तुजं? बोलू का आता?" मी "हं, झालं झालं" म्हणते आणि माऊसचा टक् असा आवाज येतो. फाइल संपते.

म्हणजे त्यानंतर त्यांनी सांगितलं असणार. न सांगता राहणाऱ्यातल्या त्या नव्हत्याच. मी बहुतेक कॉम्प्युटर बंद करता करता, नाहीतर भाकरी टाकता टाकता "हो का" म्हणत ऐकलं असणार. मला त्यातलं काहीही आठवत नाही. ह्यांना विचारलं, ते त्या वेळी बाहेर चौकात होते. वन्संना विट्याला जाऊन फाइल ऐकवली. त्यांनी तीनदा लावायला सांगितली आणि तिसऱ्या वेळी डोळे पुसले. पण आजीने आईला माळवदावर काय सांगितलं ते त्यांनाही माहीत नव्हतं. आजी कडक होती, एवढंच त्यांना आठवतं. भेटी अर्ध्यात सोडून सुनेसाठी परत आली, हेच त्यांना नवीन होतं.

लेकीने विचारलं, "आई, तुझं ते वाक्य कापून पाठवू का सगळ्यांना? दोन मिनिटांचं काम आहे." पूर्वी जाहिराती कापत बसायचे तेव्हा हे काम मीच करायची, त्यामुळे सोपं आहे हे मलाही माहीत आहे. नको म्हटलं. ते कापलं तर आत्याबाई मध्येच का थांबल्या ते कुणाला कळणार नाही. आणि शेवटी "झालं का गं तुजं" कुणाला म्हणतात तेही.

फाइल तीन ठिकाणी ठेवली आहे. एक माझ्याकडे, एक मुलाकडे पुण्याला, एक लेकीकडे. ज्यांना हवी त्यांनी सांगावं, भाचा पाठवील. आणि आपल्यापैकी कुणाला, चुलत-मावस कुणालाही, आत्याबाईंनी ती माळवदावरची गोष्ट पुरती सांगितली असेल, तर मला फोन करा. दुपारी तीननंतर केलात तर बरं, तोवर मी आवरून मोकळी असते.